आक्काची हाडं आणि आमची लेझीम

मी परभणीच्या एका महाविद्यालयात लिपिक आहे. राहते पेडगावला, रोज एसटीनं ये-जा करते. एका वर्षी पावसाळा संपता संपता आमच्याकडं कर्मचाऱ्यांसाठी तपासणी ठेवली होती. रक्तदाब, साखर आणि हाडांची घनता. पहिल्या दोन गोष्टींना सगळे आधीच घाबरून होते. तिसरीला कुणी मोजतच नव्हतं. हाडं काय तपासायची, मोडली तर कळतंच की, असं म्हणत लोक चहा पीत रांगेत उभे होते.

त्या दिवशी आक्का माझ्यासोबत परभणीला आली होती. आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. तिच्या लेकीच्या बाळाचं बारसं तोंडावर आलं होतं, म्हणून बांगड्या आणि झबली घ्यायला आली होती. माझं काम आटपेपर्यंत ती व्हरांड्यात पिशवी मांडीवर घेऊन बसली. पन्नाशीच्या आतली, उंच, रुंद खांद्यांची बाई. कापूस वेचणीच्या दिवसांत तिनं डोक्यावर आणलेलं गाठोडं उतरवून घ्यायला दोन माणसं लागायची. सर्दी-पडशापलीकडं मी तिला आजारी पाहिलेली नव्हती.

"आक्का, तुम्ही पण करून घ्या," मी म्हणाले. "दोन मिनिटांचं काम आहे."

"मला काय झालंय? मी काय दुखणाईत हाय का?"

"आम्ही तरी कुठं दुखणाईत आहोत?"

ती उठली, ते माझ्या समाधानासाठी. मशीन म्हणजे वजनकाट्याएवढा एक डबा. त्यात टाच ठेवायची, दोन्ही बाजूंनी थंडगार जेल लावायचं आणि समोरच्या पडद्यावर बघत राहायचं. हिरवा रंग म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे घनता कमी, लाल म्हणजे बरीच कमी.

रोज पहाटे कृषी विद्यापीठाच्या रस्त्यावर पळायला जाणारे आमचे ग्रंथपाल पिवळे निघाले. दंड दाखवत फिरणारा खेळाचा तरुण प्राध्यापक पिवळा निघाला, तेव्हा त्यानं मशीनच बिघडलंय असं जाहीर केलं. प्राचार्य पिवळ्याच्याही पलीकडं, लालच्या शिवेवर. मी पिवळी. हिरवे निघाले ते इतके थोडे की बाकीचे त्यांच्याकडं जरा रागानंच बघायला लागले.

आक्का लाल निघाली.

"ह्या टाचेत बारीकपणी बाभळीचा काटा मोडला होता," ती त्या मशीनवाल्या मुलीला समजावून सांगू लागली. "म्हणून येत असंल. दुसरा पाय घ्या."

दुसरा पायही लाल. मुलगी सभ्यपणे म्हणाली, "ही फक्त पहिली चाचणी आहे, मावशी. मोठ्या मशीनवर कंबर आणि मणका तपासून घ्या, मग नक्की कळेल."

एसटीत आक्का खिडकीबाहेर बघत बसली. पेडगाव आलं तेव्हा म्हणाली, "मशीनला काय कळतंय." घरी दादांना, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांना, सांगितलं तर ते हसले. "हिची हाडं? बैलाची हायत हिची हाडं." आक्काही हसली, पण जेवताना तिनं दोनदा आपलं मनगट दुसऱ्या हातानं चाचपून पाहिलं.

बारसं उरकलं आणि मी तिला परभणीला घेऊन गेले. मोठ्या मशीनवर ती पाठीवर झोपली, वरून एक दांडा हळूहळू सरकत गेला, दुखलं काहीच नाही. डॉक्टरीणबाईंनी अहवाल पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला तो पाळीचा.

"कधी बंद झाली?"

"बंद कुठली व्हायला," आक्का म्हणाली. "पिशवी काढली ना. धाकटं पोरगं तवा शाळंत बी जात नव्हतं."

"पिशवीबरोबर अंडाशयंही काढली होती का?"

आक्कानं माझ्याकडं पाहिलं. मी तिच्याकडं. आम्हाला दोघींनाही माहीत नव्हतं. आमच्याकडं बायका पिशवी काढल्याचं असं सांगतात, जसं दाढ काढल्याचं सांगावं. पोट दुखतंय, अंगावरून जातंय, मुलं झालेली आहेत, मग कशाला ठेवायची, पुढं कॅन्सरची भीती नको. घरच्यांनाही पटतं, बाईलाही पटतं. रोजगार बुडत नाही, दर महिन्याचा त्रास जातो. त्या पिशवीबरोबर आणखी काय गेलं, हे कुणी विचारत नाही आणि कुणी सांगतही नाही.

सोनोग्राफी केली, रक्त तपासलं. दोन्ही अंडाशयं नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी मग खुर्ची पुढं ओढून सावकाश सांगितलं. बाईच्या शरीरात हाडं टिकवून धरणारं जे द्रव्य असतं ते अंडाशयातून येतं. आक्काचं ते ऐन तिशीत थांबलं. तेव्हापासून हाडांतून जेवढं निघत गेलं तेवढं परत भरलं नाही. दूध म्हणाल तर घरचं सगळं डेअरीच्या कॅनमध्ये, आणि हिच्या वाट्याला कोरा चहा.

"आणि आयुष्यभर उन्हात राबलात, तरी तुमचं डी जीवनसत्त्व तळाला गेलंय," त्या म्हणाल्या. "शेतात जाताना काय घालता?"

"लुगड्यावर ह्यांचा बाह्यांचा सदरा. डोक्याला, तोंडाला टावेल."

"मग ऊन लागतं कुठं अंगाला?"

आक्कानं मनातलं विचारलं. "पर मला दुखत कसं न्हाई, बाई? येवढं झिजलंय तर दुखायला नको?"

"हाड झिजताना दुखत नाही. हीच तर त्याची खोड आहे. माझ्याकडं निम्मे लोक मोडल्यावर येतात आणि म्हणतात, आम्हाला तर काहीच होत नव्हतं. तुम्ही मोडायच्या आधी आलात."

औषध लिहून दिलं, कॅल्शियम, डी जीवनसत्त्वाच्या पुड्या. जड उचलायचं नाही, झटक्यात पुढं वाकायचं नाही, पण बसून राहायचं नाही. चालायचं, टाचा उचलायच्या, खुर्चीवरून हात न टेकता उठायचं. मीही त्याच मशीनवर तपासून घेतलं होतं, माझं जरा बरं होतं. मला त्या म्हणाल्या, तुम्ही तर उड्याही मारा. हाडाला दणका बसला की ते भरतं.

आक्कानं त्यातलं फक्त भिण्यासारखं तेवढं ऐकलं. घरी आल्यापासून ती दारातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली ती उठेचना. घागर तर सोडाच, तांब्याही दुसऱ्याकडून मागून घ्यायची. न्हाणीत जाताना भिंत धरायची. जिच्या एका हाकेवर रानातली गडीमाणसं मान वर करायची, तिचा आवाज ओट्यावरून स्वयंपाकघरापर्यंत पोचेनासा झाला. दादा मला बाजूला घेऊन म्हणाले, "तपासलं नसतं तर बरं झालं असतं का गं?" मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

मला मात्र उड्या मारायच्या होत्या. चाळिशी उलटलेल्या बाईनं अंगणात उड्या मारायच्या म्हणजे शेजारपाजारला करमणूकच. मग मला लेझीम आठवली. शाळेत मी पथकात होते. आमच्या बुद्धविहाराच्या मागच्या खोलीत पोरांच्या पथकाच्या जुन्या लेझमा पडून होत्या. डीजे आल्यापासून त्यांना कुणी हात लावला नव्हता. मी एक घेतली, गंज पुसला, आणि रोज सकाळी ऊन अंगणात उतरलं की विहारासमोर लेझीम करायला लागले. हे लोकांना चालण्यासारखं होतं. जयंतीचं काहीतरी चाललंय असं त्यांनी धरलं.

आक्काला मी सोबत न्यायची. म्हणायची, माझ्याकडं लक्ष ठेवा, पडले-बिडले तर. ती पायरीवर बसायची. पहिले काही दिवस तिनं नुसतं पाहिलं. मग एका सकाळी म्हणाली, "हात चुकायलाय तुझा."

"कुठं चुकतोय?"

"चौथ्या आवाजाला मागं राहायलीस."

ती टाळ्या वाजवून ठेका द्यायला लागली. बसून टाळ्या वाजवणं तिला जमेना, अंग आखडतं म्हणाली आणि उभी राहिली. उभी राहिली की पाय हलायचेच. दोन-तीन आठवड्यांत ती जागेवर पावलं टाकत, टाचा उचलत मला ठेका देत होती, आणि हेच डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं हे आमच्या दोघींच्याही नंतर लक्षात आलं. लेझीम तिच्या हातात द्यायची नाही असं मी ठरवलं होतं, कारण त्यात वाकणं आलं. तिनं मागितलीही नाही. तिनं घरातून थोरल्या नातवाची शिट्टी आणली.

शिट्टी आली आणि बायका यायला लागल्या. आधी गल्लीतल्या दोघी, बघायला म्हणून. आक्का त्यांना बघू देईना. "उभं ऱ्हाऊन काय करायलीस? धर एक." आणि लेझीम हातात देता देता भर अंगणात विचारायची, "तुझी पिशवी हाय का काढली?"

पहिल्यांदा मला लाजल्यासारखं झालं. पण बायका लाजल्या नाहीत. त्या सांगायला लागल्या. माझी काढली. माझी बी. माझ्या बहिणीची तर तीस बी झाली नव्हती. कुणाचं मनगट पायरीवरून घसरून मोडलं होतं, कुणाच्या सासूची कंबर वाकत वाकत जमिनीकडं गेली होती, आणि ते वयामुळं असं सगळ्यांनी धरून घेतलं होतं. लेझमीच्या मधल्या विसाव्यात इतकं खरं बोलणं मी आमच्या गल्लीत पूर्वी कधी ऐकलं नव्हतं.

मी महाविद्यालयात आलेल्या त्या तपासणीवाल्यांना विनंती केली आणि ते एका रविवारी विहारात आले. फक्त बायकांसाठी ठेवायचं होतं. पण गावातल्या चहाच्या गाड्यांवर, किराणा दुकानावर बातमी गेली आणि पुरुषही आले. पोलीस भरतीसाठी कधीकाळी पळालेला, आता जयंती समितीचा अध्यक्ष असलेला पुतण्याच्या वयाचा तरुण हसत हसत टाच ठेवून बसला आणि पिवळा निघाला. दादा बसले. तेही पिवळे. बैलाची हाडं कुणाची ते आता बोलू नका, एवढंच आक्का म्हणाली.

त्या रविवारी विहारात आलेलं एकही माणूस आजारी नव्हतं. सगळे आपल्या पायांनी आले होते, शेतातून, दुकानातून, मोटारसायकलवर. आणि पडद्यावर पिवळ्यावर पिवळा येत होता, मध्येच लाल. एरवी असलं काही निघालं की माणसं घरी जाऊन दार लावून घेतात. इथं प्रत्येकाला सोबतीला शेजारी मिळाला, त्यामुळं भीती वाटली तरी ती वाटून घेता आली.

संध्याकाळी गर्दी ओसरली तेव्हा वरच्या आळीतली एक शेतकरीणबाई आली. तिच्या घरची जमीन आमच्या शेताला लागून आहे. बांधावर बोलणं असायचं, पण विहाराच्या अंगणात ती पहिल्यांदाच पाऊल ठेवत होती. तिची टाच लाल निघाली. ती बराच वेळ पदर बोटाला गुंडाळत बसली. मग आक्काला म्हणाली, "तुमी सकाळी खेळता तिथं मी आले तर चालंल का?"

"हाडं काय आळी बघून झिजायलीत का?" आक्का म्हणाली. "ये की."

ती दुसऱ्या दिवशी आली, आणि पुढच्या आठवड्यात आपल्या नणंदेला घेऊन आली.

त्या वर्षीच्या जयंतीत आम्हाला लेझीम करायची होती. समितीनं नाही म्हटलं. मिरवणुकीत डीजे ठरलेला आहे, वेळ नाही, गर्दीत कुणी बाई पडली, हाड मोडलं तर जबाबदारी कुणाची. पोरं उद्धट नव्हती, काळजीनंच बोलत होती. मिरवणूक तिनं आमच्या दारातून पाहिली. घरात आल्यावर मला म्हणाली, "खरंच हाय त्यांचं. माझं मलाच अजून माहीत न्हाई, किती भरलंय ते."

मग ती एक वर्ष नेटानं वागली. औषध चुकवलं नाही. डेअरीचा कॅन भरायच्या आधी एक मोठा पेला दूध बाजूला निघायला लागला, आणि तो निघतो की नाही हे बघायचं काम दादांनी आपणहून घेतलं. ते स्वतः पेला भरून आणायचे आणि ती पिईपर्यंत समोर उभे राहायचे. तीस वर्षांच्या संसारात त्यांनी तिला हातात काही आणून दिल्याचं मला आठवत नाही. जेवणात तिळाची, कारळाची चटणी, शेवग्याचा पाला, डाळ जरा घट्ट. शेतावर गेली तर सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत वर. आणि सकाळची शिट्टी, थंडी असो की धुकं.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडावर आम्ही पुन्हा मोठ्या मशीनवर गेलो. डॉक्टरीणबाईंनी जुना आणि नवा अहवाल शेजारी शेजारी ठेवला आणि बराच वेळ बघत राहिल्या. आक्कानं माझा हात धरला होता.

"मणक्याची घनता वाढलीये," त्या म्हणाल्या. "चांगली वाढलीये. कंबरेची घसरण थांबलीये."

"म्हंजी?"

"म्हणजे औषध चालू ठेवायचं, पण तुम्ही भरून यायला लागलात."

माझ्यात वाढ नव्हती, पण घटही नव्हती. या वयात जागेवर राहणं म्हणजे जिंकणंच आहे, असं त्या म्हणाल्या. मी ते आनंदानं घेतलं. आक्कानं तिथंच, टेबलासमोर, लेझमीचं विचारलं. त्यांनी उभं राहून दाखवायला सांगितलं. आक्कानं त्या छोट्या खोलीत टाचा उचलून, पावलं टाकून, हातवारे करून दाखवलं. बाहेरच्या बाकावरचे पेशंट दारातून डोकावायला लागले. वाकायचं नाही, कंबर पिळायची नाही, बाकी चालेल, असा निकाल मिळाला.

एसटीतून उतरली ती घरी न जाता थेट समितीच्या पोरांकडं गेली. ते विहाराच्या कट्ट्यावर बसले होते.

"औंदा आमी लेझीम करणार," ती म्हणाली. "डीजेच्या आधी. अर्धा घंटा."

अध्यक्ष म्हणाला, "काकू, पडलं-बिडलं कुणी तर..."

"पिवळा तू बी हायस. तू नाचतूस तवा मी इचारते का, पडलास तर काय म्हणून?"

बाकीची पोरं हसली. तोही हसला आणि अर्धा तास मिळाला.

जयंतीच्या दिवशी ऊन कलल्यावर आम्ही विहारासमोर उभ्या राहिलो. पांढरी लुगडी, निळी किनार, डोक्याला निळे फेटे. फेटे एकमेकींना बांधताना दुपार गेली होती. पुढं आक्का, हातात काही नाही, तोंडात शिट्टी. माझ्या मागच्या रांगेत वरच्या आळीतली ती शेतकरीणबाई आणि तिची नणंद. त्या येतील की नाही याची मला खात्री नव्हती. सरावाला सकाळी अंगणात येणं वेगळं आणि भर मिरवणुकीत निळा फेटा बांधून सगळ्या गावासमोरून जाणं वेगळं. पण त्या सगळ्यांच्या आधी आल्या होत्या. फेटा बांधताना शेतकरीणबाईनं मला सांगितलं, "घरी इचारलं न्हाई. सांगून आले."

ढोलावर काठी पडली. आक्कानं शिट्टी दिली आणि सगळ्या लेझमा एकदम खणखणल्या. तो आवाज मला आजही सांगता येत नाही. रोज सकाळी ऐकलेलाच होता, पण रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींमधून तो दुप्पट होऊन परत येत होता. आम्ही पाय आपटत, उड्या घेत पुढं निघालो. ज्यांच्या मनगटात जुनं मोडलेलं होतं त्या, ज्यांच्या पिशव्या ऐन उमेदीत काढून टाकल्या होत्या त्या, ज्यांना टाच ठेवेपर्यंत आपण धडधाकट आहोत असं वाटत होतं त्या सगळ्या. पुढं आक्का ताठ. तिची पाठ मला सबंध वेळ दिसत होती. ती कुठंही झुकली नाही.

वरच्या आळीच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना माणसं उभी होती. शेतकरीणबाईचे मालकही होते, हाताची घडी घालून. आमच्या पथकाला तिथं वळायचं होतं. आक्कानं त्यांच्याकडं पाहिलं आणि वळणाची शिट्टी द्यायच्या ऐवजी जागेवरच लेझमीचा आणखी एक डाव लावला. बाई त्यांच्या समोर पूर्ण डाव खेळली, एकही आवाज न चुकता. मालकांनी घडी सोडली. कुणीतरी हातात दिलेलं पाण्याचं भांडं घेऊन ते पुढं आले आणि डाव संपल्यावर तिला दिलं. ती तिथंच उभ्यानं ते प्याली.

अर्धा घंटा केव्हाच उलटून गेला होता. डीजेची गाडी मागं थांबून होती. समितीचा अध्यक्ष गर्दीतून वाट काढत आक्कापाशी आला. मला वाटलं, आता बंद करा म्हणणार.

"काकू," तो म्हणाला, "चौकापर्यंत तुमचंच चालू द्या. लोक डीजे नको म्हणायलेत."

आक्कानं शिट्टी तोंडातून काढली, पदरानं पुसली, आमच्याकडं वळून पाहिलं. "दमल्यात का कुणी?"

कुणी दमलं नव्हतं. निदान तसं कुणी म्हटलं नाही. तिनं पुन्हा शिट्टी तोंडात धरली, आणि आम्ही चौकाकडं निघालो.